नवे पॅड लावले तरी क्लॅरिनेटचा खालचा ई का चिरकतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील बँडमध्ये वाजवायचे ती लाकडी बी-फ्लॅट क्लॅरिनेट तुम्ही बऱ्याच वर्षांनी बाहेर काढली. पॅडना (चाव्यांखालच्या, भोकं झाकणाऱ्या गाद्यांना) कसर लागली होती, म्हणून सतरा पॅडचा तयार संच मागवला आणि ग्लू गनने बसवला. पॅडवर भोकाची खूण नीट उमटावी म्हणून चाव्यांना रात्रभर रबरबँड गुंडाळून ठेवले. आता वरचे स्वर बरे येतात, पण खालचे एफ आणि ई चिरकतात. बोटं जोरात दाबली तर येतात. पॅड हलके निघाले का, की आणखी जाड घ्यायला हवे होते, असं तुम्ही विचारता.

पॅड हलके असतीलही, पण मी आधी तिकडे जाणार नाही. ‘जोरात दाबलं की वाजतं’ ही तुमच्या प्रश्नातली सगळ्यात कामाची माहिती आहे. पॅडचं पापुद्र्यासारखं कातडं फाटलेलं असतं तर कितीही दाबून स्वर धड आला नसता. दाबल्यावर येतो, याचा अर्थ पॅड भोकाच्या काठावर सगळीकडून एकाच वेळी टेकत नाही. एक बाजू आधी टेकते आणि उरलेली फट तुम्ही बोटाच्या जोरावर बंद करता. थोडक्यात, तुमचे पॅड चिकटलेत, पण अजून बसलेले नाहीत. जाड पॅडने हे सुटणार नाही. बहुतेक वेळा पॅडची जाडी हेच कारण असतं. ते पुढे सांगतो.

खालचा ई हा क्लॅरिनेटचा सगळ्यात खालचा स्वर. तो वाजवताना बोटांची सगळी भोकं झाकलेली असतात आणि हवेचा पूर्ण स्तंभ वरपासून खालपर्यंत अखंड लागतो. आता डाव्या अंगठ्याजवळची रजिस्टर चावी काय करते ते आठवा. ती वरच्या टोकाला एक बारीकसं भोक उघडते आणि स्वर उडी मारून वर जातो. खालच्या ‘सा’वरून थेट वरच्या सप्तकातल्या ‘प’वर. म्हणजे स्वराला उडी मारायला लावण्यासाठी तेवढंसं भोक पुरतं. वरच्या भागातल्या एखाद्या पॅडखाली केसाएवढी फट राहिली तर तीही नकळत हेच काम करते. म्हणून चिरकतो ई, पण गुन्हेगार त्याच्यापासून दूर, अगदी वरच्या ट्रिल चावीखाली (दोन स्वर झपाट्याने आलटून-पालटून वाजवायची चावी) असू शकतो. खालचे मोठे पॅड पुन्हा पुन्हा उपटण्याआधी हे बघायला हवं.

वाद्य माझ्यासमोर नाही, त्यामुळे काही गोष्टी तुम्हालाच तपासाव्या लागतील. लाकूड कोरडं पडलंय का, चाव्या किती झिजल्यात, भोकांचे काठ शाबूत आहेत का, यावर पुढचं बरंच अवलंबून आहे.

सुरुवात दोन्ही भाग सुटे करून करा. वरच्या भागाचं खालचं तोंड उजव्या तळहाताने बंद करा, डाव्या हाताची तीन बोटं आणि अंगठा भोकांवर नेहमीसारखा ठेवा आणि वरच्या तोंडाने हवा ओढून घ्या. भाग ओठाला धरून राहिला आणि सोडवताना ‘टप्’ असा आवाज आला तर तो हवा धरतोय. सूं करत लगेच सुटला तर गळतोय. खालच्या भागालाही तसंच: तळ डाव्या तळहाताने बंद, उजव्या हाताची तीन बोटं भोकांवर आणि करंगळीने खालच्या ईची चावी दाबलेली. हे करताना बोटं हलकीच ठेवा. इथेही जोर लावलात तर वाद्य तुम्हाला तेच खोटं उत्तर देईल.

यातून तीन शक्यता निघतात. वरचा भाग गळतो, खालचा गळतो, किंवा दोन्ही सुटे असताना धरतात आणि जोडले की गळतात. तिसरी शक्यता लोकांच्या लक्षातच येत नाही. दोन भागांमधे चाव्यांचा जो छोटा पूल असतो, त्याच्याखालचा बुचाचा तुकडा जाड झाला की वरचा पॅड बसल्यावर खालच्या रिंगला पुरतं खाली यायला जागाच उरत नाही. मग उजव्या हाताचे सगळे स्वर बिघडतात आणि माणूस खालचे पॅड बदलत बसतो. नव्या पॅडची जाडी जुन्यापेक्षा वेगळी असेल तर हा घोळ हमखास होतो.

पॅडना हात लावण्याआधी आणखी दोन गोष्टी. प्रत्येक चावीचा कप, म्हणजे पॅड बसतो ती वाटी, दोन बोटांत धरून डावीकडे-उजवीकडे हलवून बघा. जुन्या बँडच्या वाद्यांत चावीची नळी आणि तिच्यातला रॉड झिजून खडखडतात. अशी चावी दर वेळी थोड्या वेगळ्या जागी उतरते; आज बसवलेला पॅड उद्या दुसरीकडे टेकतो. नळी दाबून लांबवण्याचं एक खास पकडीचं काम असतं, ते घरी होत नाही. दुसरं, भोकाचा काठ भिंगातून पाहा. पॅड टेकतो ती कड अगदी बारीक उंचवट्यासारखी असते. तिथे खपली उडालेली असेल किंवा जुन्या गोंदाचा, मळाचा कण असेल तर कितीही चांगला पॅड तिथे हवा सोडणार. मळ असेल तर कापसाच्या काडीला किंचित स्पिरिट लावून पुसा (प्लास्टिकच्या वाद्याला अ‍ॅसिटोन कधीही लावू नका, काठच विरघळेल). खपली उडाली असेल तर लाकडाचा भुसा आणि सुपरग्लू भरून कड पुन्हा सपाट करावी लागते. हात बसलेला नसेल तर हे काम कारागिराकडे सोपवा.

ही उंचावलेली कड आणि मऊ गादीचा पॅड ही जोडी काही पहिल्यापासून नव्हती. आधीच्या क्लॅरिनेटवर सपाट पितळी झडपेखाली चामड्याचा चपटा तुकडा असे. तो हवा फारशी धरत नसे, म्हणून चाव्याही मोजक्याच ठेवत. इवान म्युलर या क्लॅरिनेटवादकाने भरीव गादीचे पॅड आणि त्यांना साजेशी कड असलेली भोकं वापरून 13 चाव्यांची क्लॅरिनेट बनवली आणि 1812 मध्ये पॅरिसच्या कॉन्झर्व्हेटरीपुढे, म्हणजे तिथल्या संगीत विद्यालयापुढे, ठेवली. त्यांनी ती नाकारली. तरी पुढे वादक क्लोझे आणि वाद्य बनवणारे ब्यूफे यांनी 1839 ते 1843 च्या सुमारास जी रचना घडवली, आणि जी तुमच्या हातात आहे, ती हवाबंद पॅडशिवाय शक्यच नव्हती. सतरा चाव्यांपैकी एकही गळकी चालत नाही, हे या वाद्याच्या रचनेतच आहे.

आता जाडीचा मुद्दा. क्लॅरिनेटचा नेहमीचा पॅड म्हणजे मागे पुठ्ठा, मधे लोकरीचं फेल्ट आणि वर पातळ पापुद्र्याचे दोन थर. बाजारात त्याला फिश स्किन म्हणतात, पण ते माशाचं नसतं. बैलाच्या आतड्याचं असतं, सोन्याचा वर्ख ठोकताना वापरायचे तेच. कुणाला ते चालत नसेल तर सिंथेटिक पॅड मिळतात आणि चांगले चालतात. लहान पॅड 8 ते 10 मिलिमीटर व्यासाच्या आसपास, तळाकडचे मोठे 16-17 पर्यंत. व्यास सगळे मोजतात. जाडी कोणी बघत नाही, आणि घोटाळा तिथेच होतो.

चावी बिजागरीवर फिरते, दारासारखी. दाराच्या बिजागरीकडच्या फटीत काही अडकलं की दार कितीही ओढा, कडीच्या बाजूला फट राहतेच. पॅड जाड असला की तो आधी मागे, म्हणजे चावीच्या रॉडच्या बाजूला टेकतो आणि पुढे उघडा राहतो. पातळ असला तर उलट: पुढे आधी टेकतो, मागे फट राहते. म्हणून जाड पॅड घेतला की जास्त घट्ट बसेल, हा समज सोडून द्या. तुमचा मोठा ई-चा पॅड काढायच्या आधी चावी अगदी हळू खाली आणा आणि बाजूने उजेडात बघा. मागची कड आधी टेकताना दिसली तर तो जाड आहे किंवा त्याच्यामागे गोंद जास्त झालाय. दुसरा पूर्ण संच मागवू नका. त्याच व्यासाचे दोन-तीन वेगळ्या जाडीचे सुटे पॅड मागवा. जुन्या वाद्यात प्रत्येक कपाची खोली सारखी नसते, त्यामुळे एकाच जाडीचे सतराही पॅड जसेच्या तसे बसतील ही अपेक्षाच चुकीची.

डावी-उजवीकडे फट असेल तर जाडीचा संबंध नसतो. कप तिरका झालाय, चावी वाकलीये किंवा मघाशी सांगितलेला खडखडाट आहे, असं समजा.

चिकटवण्याबद्दल. ग्लू गनला मी वाईट म्हणत नाही. बरेच कारागीर तसला गोंद वापरतात. अडचण ती वापरायच्या पद्धतीत आहे. कपाच्या मध्यावर एक थेंब टाकला आणि पॅड दाबला की पॅड त्या थेंबावर डगमगत राहतो आणि कडेला त्याच्यामागे पोकळी असते. हवं असतं ते कपभर पसरलेलं एकसारखं अंथरूण, जे गरम असताना पॅड त्यावर तरंगेल आणि थंड झाल्यावर सगळीकडून आधार देईल. मला त्यासाठी लाख आवडते. चामडं-फेल्ट धरून ठेवते, पुन्हा गरम केली की पुन्हा हलते. सुताराच्या दुकानातला चपडा म्हणजे तीच लाख, पण पॉलिशसाठी स्पिरिटमध्ये विरघळवलेली आणू नका. कोरडी पापडी वितळवून कांडी करून ठेवा. लाख साधारण 75 ते 80 अंश सेल्सिअसला मऊ पडते. बुडबुडे यायला लागले म्हणजे जास्त तापवलीत. अशी करपलेली किंवा फार वर्षं पडून राहिलेली लाख रबरासारखी होते, मग नीट वितळतच नाही.

एक चावी कशी करायची ते सविस्तर सांगतो, कारण बाकीच्या सोळांना तेच लागू आहे.

चावी वाद्यावरून काढा. वाद्यावर असताना ज्योत लावायची नाही, लाकूड करपतं आणि प्लास्टिक तर वाकतंच. स्प्रिंग चावीवरच बसवलेली असेल तर ज्योत तिच्यापासून दूर ठेवा. स्प्रिंग लाल झाली की तिचा ताव गेला, मग ती नुसती तार उरते. स्पिरिटच्या दिव्यावर कप वरच्या बाजूने तापवा, जुना पॅड आणि गोंद काढा, कप आतून स्वच्छ पुसा. नवा पॅड कोरडाच ठेवून बघा: कपात सैल पडायला नको आणि कोंबावाही लागायला नको. मग पॅडच्या कडेला, बाजूने, बारीक सुईने एक टोच मारा. गरम कपात पॅडच्या आतली हवा फुगते आणि तिला वाट नसेल तर वरचं कातडं फुग्यासारखं उचललं जातं. कातड्याच्या टेकणाऱ्या भागाला मात्र सुई लागू देऊ नका.

कपात लाख वितळवून काठापर्यंत पसरवा, पॅड ठेवा, सपाट पट्टीने हलका दाबा. थंड होऊ द्या. चावी वाद्यावर बसवा आणि आता खरं काम सुरू होतं.

त्यासाठी एक साधन घरीच बनवा. सिगारेट वळायचा पातळ कागद घ्या, त्याची तीन-चार मिलिमीटर रुंद पट्टी कापा आणि टूथपिकच्या टोकाला चिकटवा. विड्याचा चांदीचा कागद, ट्रेसिंग पेपर असलं काही घेऊ नका, जाड पडतं. ही पट्टी पॅड आणि काठ यांच्या मधे पुढून सरकवा, चावी बंद करा आणि पट्टी हळूच ओढा. मग मागून, डावीकडून, उजवीकडून. चारही ठिकाणी तिला सारखाच अडसर जाणवला पाहिजे. दाब किती द्यायचा? बंद राहणाऱ्या चावीवर तिच्या स्वतःच्या स्प्रिंगपेक्षा जास्त काही नको, बोट लावूच नका. उघड्या राहणाऱ्या चावीवर फक्त ती खाली येईल एवढंच. पहिल्यांदा तुमचं बोट आपोआप जोर लावेल, सवय असते ती. चावी दोन बोटांच्या टोकांत धरून खाली आणलीत तर जोर कमी लागतो.

समजा ई-चा पॅड आहे. पट्टी मागे घट्ट धरली जातेय, बाजूंना जेमतेम, पुढून सुळकन निघतेय. म्हणजे मागची बाजू उंच. कपावर वरून थोडी उष्णता द्या. इथे दिवा जवळ न्यायचा नाही, चावी काढून तापवून परत बसवली तर उत्तम, किंवा तापवलेला सोल्डरिंग आयर्न कपाच्या डोक्यावर टेकवा. लाख नरम पडली की पॅड आणि काठाच्या मधे पातळ सपाट पत्रा सरकवून मागचा भाग कपाकडे किंचित ढकला. आतली लाख पुढे सरते, पुढचा भाग खाली येतो. म्हणूनच अंथरूण कपभर हवं. थंड होऊ द्या, पुन्हा चारही बाजू तपासा. दोन-चार फेऱ्यांत बसला नाही तर थांबा: पॅडची जाडी चुकलीये, लाख हलवून ती भरून निघणार नाही. चावी वाकवणं हा शेवटचा उपाय, आणि ओतीव चाव्या असतील तर तोही नाही, कटकन तुटतात.

सॅक्सोफोनवर हेच काम करताना मी नळीत दिव्याची पट्टी घालून अंधारात बघतो, फटीतून उजेड लगेच दिसतो. क्लॅरिनेटच्या अरुंद लाकडी नळीत कागदाची पट्टीच जास्त खात्रीची वाटते. दिवा फट आहे एवढं सांगतो, पट्टी किती आणि कुठे ते सांगते.

रबरबँडबद्दल माझं मत कडक आहे. पॅडवर भोकाची गोल खूण दिसावी हे खरं, पण ती पातळ आणि सगळीकडे सारख्या खोलीची असावी. आधी पातळी साधा, खूण वाजवता वाजवता आपोआप पडते. उलट केलंत, म्हणजे तिरका पॅड रात्रभर आवळून ठेवलात, तर एका बाजूला खोल चर पडतो आणि सकाळी तो बसल्यासारखा वाटतो. दोन दिवसांत फेल्ट फुगून वर येतं, चावी थोडी हलली की चर आणि काठ जुळेनासे होतात, आणि गळती परत. काही जण पॅड ओलसर करून दाबतात. त्याने चर लवकर पडतो आणि कातडंही लवकर सुटतं. तुमचे पॅड एका रात्रीतच खराब झाले असतील असं नाही. पण खुणा बघा: ज्या पॅडवर खूण एकीकडे खोल आणि दुसरीकडे पुसट दिसेल, त्याची पातळी चुकलेली आहे. फुकट मिळालेला नकाशाच आहे तो, वापरा.

एकेक पॅड बसल्यावरच जोड्यांकडे वळा. खालची ई चावी दाबली की तिच्या फाट्याने एफ-चा पॅडही बंद व्हावा लागतो. दोन्हींखाली एकाच वेळी कागदाच्या पट्ट्या ठेवा आणि ई दाबा. दोन्ही सारख्या धरल्या पाहिजेत. एफ-ची पट्टी सैल असेल तर फाट्यावर पातळ कॉर्क वाढवा, ई-ची सैल असेल तर फाट्यावरचा कॉर्क बारीक पॉलिश पेपरने घासा. इथे कागदाच्या जाडीएवढा फरकही खालच्या ईला पुरतो. तुमचं ‘जोरात दाबलं तर येतो’ हे नेमकं याच जोडीचं लक्षण असण्याची दाट शक्यता आहे. पण जोडी जुळवून एकट्या पॅडची चूक झाकू नका, नाहीतर दोन चुका एकमेकींत अडकतात आणि शोधून काढणं अवघड होतं.

रिंग असलेल्या चाव्यांना एक जास्तीची अट असते. पॅड बंद होतो तेव्हा रिंग भोकाच्या तोंडाशी जवळजवळ सपाट यायला हवी. पॅड जाड असेल तर रिंग वर राहते आणि बोट भोक नीट झाकत नाही. पातळ असेल तर बोट आधी भोकावर टेकतं आणि पॅड मागे उघडाच. डाव्या अंगठ्याची रिंग विशेष तपासा, ती डोळ्यांआड असते.

पॅड गळतोय म्हणून स्प्रिंग वाकवून कडक करायचा मोह होतो. बंद चाव्यांच्या बाबतीत थोडा फायदा दिसतोही, पण तो रबरबँडचाच प्रकार. शिवाय चाव्या जड होतात आणि जलद ताना घेताना बोटं अडखळतात. आणखी एक: जाड पॅडमुळे चावी कमी उघडते, मग तो स्वर किंचित उतरतो आणि कोंदल्यासारखा येतो. पॅड बदलल्यावर एखादाच स्वर बेसूर वाटला तर ट्यूनरने बॅरल (माउथपीसखालचा छोटा तुकडा) हलवण्याआधी त्या चावीची उघडी उंची बघा.

सगळं करूनही वरचा भाग हवा धरत नसेल आणि चारही बाजूंना प्रत्येक पॅड पट्टी धरत असेल, तर गळती पॅडमध्ये नाही. रजिस्टर चावीखाली धातूची बारीक नळी लाकडात बसवलेली असते. तिच्या कडेने हवा जाते. दुसरी जागा म्हणजे वरच्या ट्रिल भोकांतून उभी गेलेली केसासारखी चीर. जुन्या ग्रेनाडिला लाकडाला ती बहुधा तिथेच पडते. चीर पाण्याने ओलसर केल्यावर किंवा तिरक्या उजेडात दिसते.

हवामानाचंही सांगतो, कारण महाराष्ट्रात त्यानेच अर्धे घोटाळे होतात. पावसाळ्यात, त्यातही कोकणात, फेल्ट आणि लाकूड दोन्ही ओल धरतात. नागपूरकडच्या मे महिन्यात उलट, लाकूड आकसतं, जोडावरच्या धातूच्या रिंगा सैल होतात. म्हणून पॅडचं शेवटचं समायोजन शक्यतो त्याच गावात, त्याच ऋतूत करावं जिथे वाद्य वाजणार आहे. बँडवाले दुरुस्तीची वाद्यं बहुतेक चातुर्मासात आणतात, कारण लग्नं नसतात. तेव्हा अचूक बसवलेले पॅड तुळशीचं लग्न उलटून हवा कोरडी पडली की पुन्हा एकदा तपासावे लागतात. आणि मिरवणुकीत वाद्य टेम्पोच्या टपावर किंवा बंद गाडीत उन्हात ठेवू नका. लाख असो की ग्लू, मऊ पडून पॅड सरकतात.

चिकट झालेले पॅड म्हणजे वेगळा आजार. चहा, उसाचा रस पिऊन लगेच वाजवलं की साखर भोकांपाशी साचते आणि चावी उघडताना ‘चप्’ असा आवाज येतो. तोच सिगारेटचा कागद पॅडखाली ठेवून हलके दाबा, ओल टिपली जाईल. असा चिकट पॅड बंद असताना कागद ओढून काढू नका, कातडं सोलतं. पावडर तर लावूच नका, ती फेल्टमध्ये आणि चाव्यांच्या नळ्यांत जाऊन बसते.

नळी झिजून खडखडणारी चावी, काठाची मोठी खपली, किंवा ती चीर, यापैकी काही निघालं तर मात्र वाद्य क्लॅरिनेट नेहमी हाताळणाऱ्या कारागिराकडे न्या. नेताना कोणता भाग हवा धरतो आणि कोणता नाही, कोणत्या पॅडला कोणत्या बाजूला पट्टी सैल लागते, हे कागदावर लिहून द्या. माउथपीस आणि तुम्ही रोज वापरता ती पत्ती (रीड) बरोबर ठेवा. तो त्याच्या माउथपीसवर वाजवून ‘ठीक आहे’ म्हणेल आणि घरी तुमच्या पत्तीवर ई पुन्हा चिरकेल, असं व्हायला नको.